बापाचा डफ आणि पितळी कर्णा

१२ फेब्रुवारी १९२८, रविवार. माले.
जत्रेला दोन महिनेही उरले नाहीत. यंदा डफ परत आणणार म्हणजे आणणारच.
गेल्या जत्रेत कोळवणच्या बाबू शाहिराशी सवाल-जबाबाची बारी होती. त्याचा सवाल:
जितेपणी रानोमाळ चरलं,
मेल्यावर सभेत गरजलं,
सांग शाहिरा ते काय?
मी डफावर थाप मारून जबाब दिला, शंख! मागच्या लोकांना ऐकूच गेला नाही. हरला हरला म्हणून गलका झाला, त्यात बाबू पुढं काय म्हणाला ते मीही ऐकलं नाही. हरणाऱ्यानं डफ द्यायचा, रिवाजच आहे. माझ्या बापाचा डफ माझ्याच गावात माझ्या हातून गेला. आता कोळवणात बाबूच्या ओटीवर टांगलाय, पाहुणारावळा आला की दाखवतो म्हणे.
जबाब बरोबर होता. आतला किडा मेल्यावरच शंख वाजतो. चरतो कुठं म्हणाल तर समुद्रात. तेही रानच, पाण्याचं. आवाज तेवढा कमी पडला. लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणू देत.

१५ फेब्रु.
फड बसला आमच्या खळ्यावर. फड म्हणजे चार जण. मी डफाला, तुका ढोलकीला, राघू तुणतुण्याला. चौथा धोंडूतात्या, झांज आणि झील. तात्या बापाच्या वेळेपासूनचा झीलकरी. शाहिराच्या मागं उभं राहून ओळीचं शेपूट उचलायचं, ‘जी जी’ करत वर न्यायचं, हे त्याचं काम. मेंढरं राखून गळा असा झालाय की या डोंगरावरून हाक मारली तर पलीकडची मेंढरं मान वर करतात.
विषय एकच, आवाज मोठा कसा करायचा. राघू म्हणाला पेटी घ्या. पेटीनं माझे शब्द कसे मोठे होतील? छ्या! तुका म्हणाला आणखी चार झीलकरी. चार तोंडांना भाकरी कोण घालणार?
तात्या चिलीम ओढत बसला होता.

२२ फेब्रु., बुधवार. पुणे.
काल पिरंगुटापर्यंत चालत, तिथून गाडीवानानं घेतलं. आज भर दुपारी एका सभेत विजेचा कर्णा पाहिला. माणूस बोलतो मांडवात आणि आवाज येतो खांबावरून! आई शप्पथ, अंगावर काटा आला. मालकाला गाठलं. म्हणाला बॅटऱ्या, तारा, दोन खांब, एक छकडा आणि एक शिकलेला माणूस, एवढं लागतं. बॅटऱ्या संपल्या की पुण्याला आणायच्या.
हसूच आलं. आमच्या वरच्या धरणाच्या पाण्यावर मुंबईत दिवे लागतात, आणि मला वीज पुण्याहून डब्यात भरून न्यायची! नको बाबा. आपल्याला डोक्यावर घेऊन खिंड चढता येईल असं पाहिजे.
मग जुन्या बाजारात. तिथं मोडक्या फोनोचा पितळी कर्णा पडलेला. घागरीएवढं तोंड, भोपळ्याच्या फुलासारखं. बारक्या टोकाला तोंड लावून ‘गण’ म्हटला, तर पलीकडच्या रांगेतला भांडीवाला उठून उभा राहिला. घेतला. आंबेमोहोराचं गाठोडं बहिणीकडं द्यायचं होतं, ते त्याच्यापायी गेलं. बहीण समजून घेईल.

२५ फेब्रु.
गावात कर्णा बघायला ही गर्दी! वेशीत उभा राहून ललकारी दिली. शेतातली माणसं धावत आली, त्यांना वाटलं आग लागली. वा रे गड्या! बाबू शाहिरा, ओटीवरची खुंटी मोकळी कर.

६ मार्च, होळी.
तालमीत तात्यानं कर्णा हातात घेतला, आत डोकावून पाहिलं, परत दिला.
मी म्हणालो, “तात्या, आता झील जरा कमी चालेल. कर्णा आहे.”
“व्हय? मग आमी कशाला?”
“तसं नाही...”
“तसंच हाय की, गणू.” झांज खळ्यावर ठेवली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि गेला.
येईल. म्हातारी माणसं रुसतात. होळीची पोळी खायला तरी येईल म्हटलं, आला नाही.

११ मार्च
तात्यानं मेंढरं कोळवणच्या खिंडीखाली नेऊन बसवलीत म्हणे. बरं. राघू झील धरील.
एकटाच नदीकाठी जाऊन कर्णा घुमवला. आवाज उत्तम. भूक लागेपर्यंत गायलो.

२२ मार्च, पाडवा.
गुढी उभारून तालीम. उरलेला फड आज पहिल्यांदा कर्ण्यासकट. आणि सगळा विचका.
मी ओळ टाकली की राघूनं मागून शेवटचा शब्द उचलायचा. तो गप्प. दुसऱ्या ओळीलाही गप्प. तिसरीला भलताच शब्द. मी खवळलो.
“अरे झोपलास काय?”
“तुझं ऐकूच येत न्हाई. समदा आवाज म्होरं जातोय, मागं निस्ती गुणगुण!”
कर्ण्याचं तोंड पुढं, झीलकरी मागं. एवढी साधी गोष्ट महिनाभर माझ्या टाळक्यात आली नाही, कारण महिनाभर मी एकटाच गात होतो. कर्णा उलटा धरला तर समोर मुकं. आडवा धरला तर तुक्याच्या कानात, त्यानं ढोलकीच फेकली. मग राघूला पुढं उभा केला. तर तो माझ्याकडं बघायला वळतो आणि सभेला पाठ दाखवतो.
श्रीखंड गोड लागलं नाही.

२५ मार्च, रविवार.
तरी कर्णा सोडवेना. सौ.ला घेऊन जत्रेच्या माळावर गेलो. ती चिंचेखालच्या बांधावर, गेल्या वर्षी बायका बसल्या होत्या तिथं, सगळ्यांत मागं. आधी बिनकर्ण्याचा गायलो, मग कर्ण्यातून.
धावत जाऊन विचारलं, “कसं?”
“कर्ण्यातून नाकात बोलल्यागत येतंय. बिनकर्ण्याचं बरं. गेल्या साली बी असंच सोच्छ आलं हुतं.”
“काय आलं होतं?”
“शंख. तुमी शंख म्हनला. मग त्येच्यावर तात्याची झील, ‘शंख जी’. साऱ्या बायकांनी ऐकलं. मगच हसल्या की.”
मी बांधावरच बसलो. वर्षभर ही बाई माझ्या घरात भाकरी थापते, कर्णा घासून देते...
“मग सांगितलं का नाहीस?”
“तुमी कवा इचारलं?”

२६ मार्च
ऐकू गेलं होतं. सगळ्यांना. म्हणजे जबाबच...
लिहवत नाही.

३० मार्च, शुक्रवार. खिंडीखाली.
सकाळी निघालो, ऊन चढायला तात्याच्या मेंढरांच्या वाड्यावर. म्हातारा कोकराला पाजत होता. बस म्हणाला नाही, पण घोंगड्याचं टोक सारलं. बसलो.
शेवटी विचारलंच. “तात्या, सवालाचा जबाब शंख नव्हता ना?”
“न्हाई.”
“मग काय?”
त्यानं समोरच्या बोकडाकडं मान केली. रानोमाळ चरत होता.
“ह्यो मेला की ह्येच्या कातड्याचं काय करत्यात?”
डफ.
माझ्या हातात होता. जबाब हातात धरून, त्याच्यावर थाप मारून मी शंख म्हणालो! काखेत कळसा म्हणतात तो हाच. आणि तेच कातडं तात्याच्या बोकडाचं, बापानं त्याच्याकडूनच नेलेलं. लाज वाटली, फार वाटली.
“तुला तेव्हाच कळलं होतं?”
“सवाल पडताक्षनी.”
“मग बोलला का नाहीस? माझा डफ गेला तात्या, बापाचा डफ!”
“झीलकऱ्यानं शाहिराचं शेपूट उचलायचं. शाहिराच्या आदी तोंड उघडायचं न्हाई. तुज्या बापानं शिकवलंय मला, म्हून बोललो न्हाई. तू शंख म्हनलास, मी शंख जी म्हनलं. लई कडू लागलं तोंडात.”
मला रडू आलं. कोकरू बघत होतं म्हणून आवरलं.
म्हणालो, “यंदा माझ्या मागं उभा राहू नको. शेजारी राहा. मी चुकलो तर सभेदेखत आडव.”
“रिवाज न्हाई.”
“मी मोडतो.”
“तू मोडशील, पर मी?” उठला, मेंढरांकडं गेला. लांबून म्हणाला, “बगू.”
त्याची झांज बरोबर नेली होती, ती घोंगड्यावर ठेवून आलो.

५ एप्रिल, जत्रा. माळावर चिंचेखाली, पेन्सिलीनं.
कर्णा घरीच. सौ.नं त्यात कांदे भरून ठेवलेत, चांगलेच मावलेत.
गळा मोकळा आहे. रात्री झोपही लागली. गेल्या वर्षी मला जबाब येत नव्हता आणि तेही मला माहीत नव्हतं. यंदा निदान तेवढं माहीत आहे. बाबूला घाबरत नाही. सवाल अडला तर सरळ शेजारी बघायचं, त्यात कमीपणा कसला?
शेजारी कोणी असेल तर.
पालखी देवळात गेली की बारी. डफ तुक्याच्या मेव्हण्याचा आणलाय, उन्हात तापवला, बोलतोय ठीक. राघू खिंडीच्या वाटेकडं दहांदा बघून आला. वाटेवर धूळ दिसते म्हणतो, पण आज जत्रेला कोण येत नाही?
कोळवणकर आले. पलीकडं हातपाय धुतायत. बाबूनं नुसती डफावर बोटं टेकवली, एकच थाप. मी सगळ्यांत मागं बसलोय, मधे एवढी माणसं, पाळणे, रेवड्यांची दुकानं. तरी ओळखली. बापाची.
राघू हाका मारतोय. माझ्या डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून उभे राहा म्हणून सांगितलंय दोघांना.