अर्धा राहिलेला तुरस

प्रिय मुरिन,

शनिवारच्या आयरिश भाषेच्या वर्गातल्या मुलांना ‘तुरस’ शब्द नीट समजावायचाय, म्हणून तू फोनवर विचारलंस. शब्दकोशात दिलंय, प्रवास, पुल्लिंगी. तेवढं फळ्यावर लिही, मेलबर्नच्या पोरांना पुरेल. पण तेवढ्यावर थांबली असतीस, तर तुझ्या आईनं तुला झाडलं असतं. आपल्या दरीत दुकानातून पीठ आणणं हाही तुरसच. आणि संताच्या दिवशी अनवाणी निघून, दगडांच्या एकेका राशीला उजवी प्रदक्षिणा घालत पुन्हा देवळापाशी येणं, हा खरा तुरस. तो अर्धा सोडायचा नसतो, हे मात्र शब्दकोशात नाही.

यंदा तुझ्या आईनं तो अर्धा सोडला.

आई बरी आहे, जरा विसरते, एवढंच मी तुला सांगत आलो. किटली कपाटात ठेवते, मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारते, हे कशाला सांगायचं म्हणून गप्प बसलो. तरी त्या दिवशी सकाळी बूट काढून दारात तयार. चढावरच्या राशीपर्यंत माझ्याही पुढे होती, हातात दगड, ओठांवर प्रार्थना. मला बरं वाटलं, पाय तरी काही विसरलेले नाहीत. तेवढ्यात वळली आणि राशीभोवती उलटी चालू लागली. उलटी फेरी आपल्याकडे कुणाला शाप द्यायचा असेल तरच घालतात. सगळे जागीच थांबले. शेजारचा कोनल हलकेच म्हणाला, “नाब्ला, चुकलीस गं. रास उजव्या हाताला ठेव.”

“मला नको शिकवूस,” ती म्हणाली. “माझी पोर मागं राहिलीय. तिला टाकून पुढं कशी जाऊ?”

लहानपणी तू दर तुरसला मागं राहायचीस. कोकरांपाशी रेंगाळायचीस आणि मग ‘आई, थांब गं’ म्हणून ओरडत यायचीस. तीच मुरिन शोधत होती ती. कुणी हसलं नाही. मला मात्र लोकांदेखत रडू आलं.

राशीवर ठेवायचा तो दगड अजून तिच्या एप्रनच्या खिशात आहे. उरलेला तुरस घरच्या माणसानं पुरा केला तरी चालतो, म्हणून मी दगड मागितला. देत नाही. मुरिन आली की तिलाच देईन, म्हणते, आणि दिवसभर खिडकीत बसते. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत कुणालाच ओळखणार नाही. तुझी नोकरी, तुझी सुट्टी, सगळं मला समजतं. आजवर कधी ये म्हटलं नाही, आज म्हणतो. ये. फक्त तिच्यासमोर एकदम उभी राहू नकोस, ती वाट बघतेय ती छोटीची. मागून ये आणि ‘आई, थांब गं’ म्हण. ती वळून बघेल.

वाट पाहणारा तुझाच,
बाबा