जोडीची दुसरी चप्पल

प्रिय कौसल्या,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर ऐकायलाही तू नाहीस. तरी लिहितो, कारण आज मी तुझ्याबद्दल खोटं बोललो.

आमच्या रबराच्या कारखान्यात नागपूरचा व्यापारी आला होता. मालकांनी त्याच्यापुढे तुझी उजवी चप्पल ठेवली. त्याने तळ दुमडून पाहिला, नख रुतवून पाहिलं. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा चाललेला तळ, पण चीर म्हणून नाही! खूश होऊन त्याने विचारलं, "जोडीची दुसरी कुठं आहे?" मी म्हणालो, "हरवली."

हरवली! ती घरी पेटीत आहे, तुझ्या लुगड्यांखाली.

आठवतं तुला? बोरगावच्या उन्हात मी केलेले चपलांचे तळ वर्षभरात तडकायचे. नुसतं झाडाचं रबर कितीही मळलं तरी चिरायचंच. परदेशातून आलेलं कृत्रिम रबर टिकाऊ, पण भारी हट्टी. एकटं घेतलं तर थराला थर चिकटेना. मी डोकं धरून बसलो होतो, आणि तू भाकर थापता थापता म्हणालीस, "नुसत्या ज्वारीची भाकर चिरते म्हून आपण उडीद घालतो ना जी? तुमी बी मिसळून पाहा ना."

मिसळलं. कोणतं किती, हे ठरवण्यात महिने गेले. माझ्या हातांना गंधकाचा वास यायचा, तू नाक मुरडायचीस आणि तरी शेजारीच जेवायला बसायचीस.

मग ती चाचणी. तुझ्या उजव्या चपलेला मिसळलेल्या रबराचा तळ, डावीला नुसत्या झाडाच्या रबराचा. एकच बाई, एकच वाट, म्हणजे फरक खरा कळेल. किती हुशार समजत होतो मी स्वतःला! तू हसलीस. "काऊन जी, माहा डावा पाय काय सवतीचा हाये?"

दिवाळीनंतर डाव्या तळाला चीर पडली. तू बदलून मागितलास. एकदा नाही, तीनदा. "थांब थोडे दिवस," मी म्हणायचो, "पार फुटेपर्यंत पाहू दे." कौसल्या, तू ती चप्पल फेकून का दिली नाहीस गं? माझं एवढं ऐकायची काय गरज होती?

माघात तू पिपरीच्या शिवारातून लंगडत आलीस. कापलेल्या तुरीचं धसकट डाव्या तळातून आरपार पायात घुसलं होतं. आणि मी? मी आधी तुझी उजवी चप्पल उलटी करून पाहिली. त्याच धसकटांवरून चालून आलेली, पण शाबूत! मी वही काढली आणि लिहिलं, 'डावा फुटला, उजवा ठीक.' मग तुझ्या पायाकडे पाहिलं. तोवर तूच त्यावर हळद दाबून बसली होतीस.

आठव्या दिवशी ताटावर बसलीस आणि म्हणालीस, "जबडा उघडून नाई राह्यला जी." वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, धनुर्वात, फार उशीर केला. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

आता सगळे म्हणतात, गणपतनं कमाल केली. कसली कमाल! मिश्रण जमलंय हे मला दिवाळीनंतर लगेचच कळलं होतं, डाव्याला चीर पडली त्याच दिवशी. त्यापुढे पाहायचं काहीच उरलं नव्हतं. तरी मला तुझा पाय हवा होता, आणखी थोडे दिवस. हे मी कुणाला सांगू? आता रबर मळायच्या रुळापुढे उभा राहिलो की हात चालत नाहीत.

व्यापारी उद्या पुन्हा येणार आहे. मी दोन्ही चपला घेऊन जाईन. तो आणि मालक आधी उजवीच उचलायला जातील, मला ठाऊक आहे. मीही तेच केलं होतं. पण डावीचं भोक बघितल्याशिवाय, ते कुणाच्या पायात उतरलं हे ऐकल्याशिवाय, उजवीला मी कुणाचा हात लागू देणार नाही. एवढंच आता माझ्या हातात आहे.

तुझा अपराधी,
गणपत