खांद्यावरचा हात

डुनेडिन, न्यूझीलंड

माझ्या लाडक्या आईला, अपाला,

मी मजेत आहे, जेवणखाण नीट चाललंय. बाबांचा, आपल्या अतांचा, गुडघा कसा आहे? त्यांना घोड्यावर बसू देऊ नकोस.

गेल्या वर्षी फोटोत माझ्या खांद्यावर हात दिसला, तेव्हा तू विचारलंस, "कुणाचा गं?" मी म्हणाले, मैत्रिणीचा. तो कॅलमचा होता. तीन वर्षं आम्ही एका घरात राहतो, लग्नाशिवाय. तुला पाठवलेल्या प्रत्येक फोटोतून मी त्याला कापून टाकलं. तुझा फोन आला की तो अंगणात जाऊन बसतो. म्हणतो, "तुझ्या आईचं काय चोरलंय मी?"

आता त्याची जोडीदार म्हणून व्हिसाचा अर्ज केलाय. व्हिसा कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "तीन वर्षं एकत्र, आणि घरी कुणालाच पत्ता नाही?" त्यांना तुमचं पत्र हवंय, की आम्ही याला ओळखतो.

रीतसर मागणी झाली नाही, आपल्या रिवाजाप्रमाणे लग्न ठरवताना त्याच्या आईने माझ्या कानात कर्णफुलं घातली नाहीत. तुला लागेल ते. चुकलंच माझं.

पण खोटं लिहू नकोस, अपा. हे पत्र मिळालं की आधी फोन कर, त्याच्याशी बोल. या वेळी तो अंगणात जाणार नाही.

तुझीच लेक,
बूरुल