न वाचता म्हटलेला हो

१२ मे
यंत्र मुकं झालं!
कालपर्यंत मी बोलायची, ते लिहून घ्यायचं, वर वाचून दाखवायचं. आज निमिषानं – माझ्या ओमनाची लेक, शाळेत कॉम्प्युटर शिकवते – ते यंत्र चालवणारं लिनक्स नवं केलं. त्यात माझं लिहून घेणारं पॅकेजच गेलं. म्हणून आज हीच वहीत लिहितेय. सगळं लिही हं, पोरी. तुझ्याबद्दलचंही.

१३ मे
गेलं कसं? निमिषा म्हणते, "अम्मम्मा, प्रत्येक पॅकेज दुसऱ्या कुणाच्या तरी आधारावर असतं. तुझ्याचा आधार जुना. नव्यात तो नाही."
कळलं. लग्नातलाच प्रकार. धाकटा मामा नाही तर मामी नाही, मामी नाही तर नवरीही हटून बसते.
"पण न विचारता काढलं?"
"विचारलं होतं. काय काय जाणार ते दाखवलंही. मी न वाचताच हो म्हटलं."
वा! मला वाचता येत नाही, हिला येतं. फरक काय पडला?
हसली. बंगळुरू सोडून आल्यापासून पहिल्यांदा. हे लिहीना. लिहायला लावलं.

१५ मे
आज जुनं पॅकेज नव्यात जबरदस्तीनं कोंबलं. पडदा काळा! ओमना आतून ओरडतेय, "पेज गार झाली, जेव तरी!"
म्हटलं, जुनं झाकण नव्या भांड्यावर ठोकून बसतं का? आधी ते काढ.
काढलं. पडदा उजळला. माझं पॅकेज नाहीच.

१६ मे
काही नाही. वहीवर चटणी सांडली.

१८ मे
आता त्या जुन्याचं मूळ सामान आणून नव्या लिनक्सवरच घडवणार म्हणे. बरोबर. बाहेरचं शिजलेलं आणण्यापेक्षा घरच्या चुलीवर शिजवावं.
जमलं नाही तर माझी रोजनिशी बंद. हिला शाळा, मला कोण लिहून देणार?

२० मे
"झालं का गं?"
"नाही, अम्मम्मा. चल, सांग, लिहिते."
आज मी कमी सांगितलं, तीच जास्त बोलली. बंगळुरूचं. ते लिहू नकोस म्हटलं.

२२ मे
निमिषा बाजारात गेलीय. सवयीनं यंत्राचं बटण दाबलं, म्हटलं, मेल्या, कधी बोलणार? त्यानं तेच मला वाचून दाखवलं!
ओमना म्हणाली, "अगं अम्मे, ते तर तीन दिवसांपूर्वीच नीट झालं."
आणि पोरगी रोज वही घेऊन शेजारी बसतेय.
ओमनाला सांगितलंय, तोंड मीट. आता बटण बंद करते. फाटक वाजलं.