सिंधूताईंचं भाषण

मुलुंड, मंगळवार, ३ डिसेंबर १९६८

संध्याकाळी सिंधूताई आजचा पेपर घेऊन घरी आल्या. मागच्या चाळीत राहतात, प्रसूतिगृहात तीस वर्षं नर्स होत्या. काल त्यांचा निरोपसमारंभ झाला, त्याची बातमी माझी. शाल देऊन झाली आणि मी उठलो, कारण बातमी वेळेत पोचवायची होती. शेवट तर तिथे जाण्याआधीच लिहून ठेवला होता: 'सत्काराला उत्तर देताना त्या सद्गदित झाल्या.' पंचवीस वर्षं सत्कारांच्या बातम्या करतोय. दुसरं काय होणार?

"भाऊ, मी रडले कधी? शाल दिली म्हणून रडू होय?"

रडल्या नव्हत्याच, हे मला आता त्यांच्याकडूनच कळलं. समोर साहेब लोक बसलेले बघून त्यांनी सांगितलं होतं, की रात्रपाळीला एकटी नर्स पुरत नाही, दोन बायका एकदम अडल्या तर तिने कुणाकडे बघायचं?

"माझं झालं हो. माझ्या जागी येईल तिचं काय? पेपरात आलं असतं तर साहेबांना हलावं लागलं असतं."

सद्गदित! किती सहज लिहिलं मी. तीस वर्षांत त्या काय शिकल्या, आणि मी काय शिकलो? न ऐकता लिहायला?

म्हटलं, सांगा, उद्या छापायला लावतो. त्या सांगू लागल्या, मी लिहू लागलो. मध्येच त्या थांबल्या, माझ्या कागदाकडे बघत राहिल्या.

"शेवट लिहिलातसुद्धा? माझं अजून बोलून व्हायचंय."

मान खाली घालून मी ती ओळ खोडली.