‘हालू नका’ आणि हातात मावणारा कॅमेरा

आबा, तुमच्या माघारी बारा वर्षांनी आपल्या घरात पुन्हा कॅमेरा आलाय आणि तो मी निवडलाय. व्हिडिओचा. दाजी मस्कतला नोकरीला गेले तेव्हा आक्काला दिवस गेलेले होते. पोरगी आता रांगायलीय आणि त्यांनी तिला फक्त फोटोत पाहिलंय. त्यांचा निरोप आला, की घरातलं रोजचं टिपता येईल असा छोटा कॅमेरा हैदराबादहून घ्या आणि कॅसेट पाठवा. काम माझ्याकडं आलं, कारण कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून घरात मोकळा मीच. का सोडलं, तर वर्गात सर एका मुलीला लागेल असं बोलले, मी उठून त्यांना बोललो, ते माफी माग म्हणाले आणि मी मागितली नाही. माफी मागून टाक असं त्या मुलीनंही सांगितलं होतं, तरी मागितली नाही. वर्षभरापूर्वी तिच्या वडलांची इथं बदली झाली, तेव्हापासून ती आपल्याच गल्लीच्या तोंडाशी राहते. तेवढ्यावरून तुम्हाला बाकीचं कळेल.

तिचे वडील कचेरीत कारकून आहेत. त्यांनी एकदा मला बसस्टँडवर गाठलं आणि शांतपणे विचारलं, “सध्या काय करायलास?” मी समोरच्या बसची पाटी वाचत राहिलो. तेव्हापासून डोक्यात एकच होतं, खांद्यावरचा मोठा कॅमेरा. तो घेऊन लग्नात उभं राहिलेल्या माणसाला काय करतोस म्हणून कुणी विचारत नाही. पेडगावपासून सोनपेठपर्यंत कामं मिळाली असती आणि त्यांच्यासमोर मान वर करून उभं राहता आलं असतं. म्हणून आक्का आणि भाचीला घेऊन हैदराबादच्या दुकानात गेल्या गेल्या मी तोच मागितला. दुकानदार म्हणाला, “शादियाँ उतारना है मियाँ, या घरवालों को?” मी म्हणालो शादियाँ, आक्का म्हणाली घरवाले, दोघं एकदमच. मोठा कॅमेरा खांद्यावर घेऊन मी भाचीकडं वळलो, तर तिनं रडून दुकान डोक्यावर घेतलं.

मग तुमचा फोटो स्टुडिओ आठवला. मी आठ वर्षांचा आहे. पाथरीचं एक जोडपं लेकरू घेऊन आलंय, तुम्ही काळ्या कापडात डोकं घातलंय आणि लेकरू किंचाळायलंय. मी हसतो. तुम्ही कापडातून बाहेर येता, माझा कान धरता आणि मला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवता. “हसू नको. इथं बसून बघ, तुझा बाप कसा दिसायलाय.” पुन्हा कापडात शिरता. डोकं नसलेला, एक डोळ्याचा बाप बघून मी रडलो होतो. दुकानात मी मोठा कॅमेरा आक्काच्या हातात दिला आणि भाचीच्या उंचीला उकिडवा बसलो. आक्काचं तोंडच दिसेना. छोटा धरला तर त्याच्यामागं गाल, कान, अर्धं हसू शिल्लक राहत होतं. शिवाय लेकरू कडेवर घेऊन एका हातानं धरता येत होता. छोटाच घेतला. गाडीत आक्का म्हणाली, मोठा पाहिजे होता ना तुला, कळतं मला. मी चिडून पूर्णा स्टेशन येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसलो.

रविवारी अंगणात सगळी गल्ली जमली. गल्लीच्या तोंडाशी राहणारी ती आली, तिचे वडीलही आले. माय लग्नाला जायची साडी नेसून मधोमध. मी बटण दाबलं आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “हालू नका.” गल्लीतल्या निम्म्या लोकांचे लग्नाचे फोटो तुम्ही काढलेले, आबा. त्यांना तो तुमचा शब्द पक्का माहीत. सगळ्यांनी श्वास धरला, नवखे त्यांच्याकडं बघून ताठ झाले. कॅसेट फिरतेय आणि अख्खं अंगण दगडासारखं उभं. फक्त भाची रांगत निघाली आणि थेट त्या मुलीच्या पायाशी गेली. तिनं उचलून कडेवर घेतलं अन् म्हणाली, “हालायसाठीच आणलाय ना हा कॅमेरा?” मग जे हसू फुटलं, त्यात मायचा पदर घसरला, शेजारचे मामा खाली बसले. दाजींना तीच कॅसेट पाठवायलोत.

पांगापांग झाल्यावर तिचे वडील जवळ आले. हे कुणाकडं शिकलास म्हणाले. मी म्हणालो, “आबांकडं. त्यांचा फोटो स्टुडिओ होता.” ते म्हणाले, “मग त्या दिवशी बसस्टँडवर गप्प का बसलास? पुढच्या महिन्यात माझी आई येणार हाय. लय बोलते. तिला बोलताना घेशील का, नुसती बसलेली नको.” घेतो म्हणालो. ती दारात उभी राहून ऐकत होती.

हे पत्र कॅमेऱ्याच्या खोक्यात ठेवून देईन, तुमच्यापर्यंत काही जायचं नाही, म्हणून सांगतो. स्टुडिओचं आज पहिल्यांदा कुणाला तरी आपणहून सांगितलं. पोरं फोटोवाल्याचा म्हणून चिडवतील असं वाटून, कॉलेजच्या फॉर्मवर वडलांच्या व्यवसायापुढं मी शेती लिहिलं होतं. आपल्याला गुंठाभर जमीन नाही, आबा.