कपाळाचा डाग, अंगठ्याचा डाग

म्युनिक, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९६१

डोकं नुसतं भणभणतंय. सतराव्या शतकातल्या एका इंग्रज डॉक्टरच्या खासगी संग्रहातलं पुस्तक आज एकदाचं ग्रंथालयात हातात आलं, आणि मी काय केलं? उघडण्याआधी सवयीने कपाळाला लावलं. सकाळीच चोपडलेलं खोबरेल! कातडी बांधणीवर डाग पडला. ग्रंथपालबाई “नाइन, नाइन!” म्हणजे ‘नाही, नाही!’ करत धावत आल्या आणि पुस्तक काढूनच घेतलं. आता प्रबंध कशावर लिहू, त्या डागावर? ‘अहो, आमच्यात पुस्तकाला नमस्कार करतात,’ हे जर्मनमध्ये सांगताना माझी बोबडी वळली. आणि डाग तो केवढा, नखाएवढा! आत, तापावरच्या औषधांच्या पानावर, त्या डॉक्टरचाही तेलकट अंगठा उमटलेला आहे. तोच तर बघायला गेलो होतो. ग्रंथालयाच्या सूचीत बाईंनी त्या अंगठ्याच्या डागापुढे लिहिलंय: अत्यंत मौल्यवान.